दऱ्या, दर्या आणि आठ हजार रुपये

मराठी मजकुरात शब्द शोधणारं एक छोटं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, टूल मी सहा वर्षं सांभाळते आहे. नोकरी करून, रात्रीचं. गेल्या वर्षी एका वाचनालयाने त्यातली एक चूक दुरुस्त करण्यासाठी ८,००० रुपयांची बाउंटी, म्हणजे बक्षीस, लावली.

चूक ‘ऱ्य’ची होती. हा पापणीसारखा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहितात. खाली टिंब असलेल्या ऱचा पाय मोडून, किंवा साध्या रचा पाय मोडून पुढे डोळ्यांना न दिसणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’ टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. त्यामुळे ‘दऱ्या’ शोधलं की बरीच पुस्तकं निसटायची.

हा इशू, म्हणजे चुकीची नोंद, दोन वर्षं पडून होता, कुणी फिरकलं नव्हतं. पैसे जाहीर झाले आणि चार दिवसांत अकरा पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड बदलण्याचे प्रस्ताव, आल्या. बाउंटीने माणसं येतात, हे मी नाकारत नाही.

अट होती, जो आधी करेल त्याला पैसे. पहिल्या पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या कोडने, टिंबवाला ऱ साधा केला आणि सगळे जॉइनर सरसकट उडवले. कोड तपासणाऱ्या टेस्ट पास झाल्या, कारण माझ्या टेस्टमध्ये ‘दर्या’ हा शब्दच नव्हता. तो मूळ कोडमध्ये मर्ज केला, पैसे दिले गेले. आठवड्याने वाचनालयातून फोन: “ताई, दऱ्या शोधल्या की समुद्राच्या कविता येताहेत.” जॉइनर गेला की त्या रचा रफार होतो. आचाऱ्यास शोधावं तर आचार्यास सापडत होतं.

योग्य उपाय चौथ्या पुल रिक्वेस्टमध्ये होता. र, मोडलेला पाय आणि जॉइनर असे तिन्ही ओळीने आले तरच त्याचा टिंबवाला ऱ करायचा, बाकी जॉइनरला हात लावायचा नाही. त्या मुलाने वीस शब्दांच्या टेस्टही लिहिल्या होत्या. म्हणूनच त्याला पाच तास उशीर झाला आणि हाती काहीच लागलं नाही. शेवटी त्याचाच कोड घेतला, त्याच्या नावासकट. आभाराच्या निरोपाला उत्तर आलं नाही. ते मला अजून लागतं.

आणि त्या अकरा पुल रिक्वेस्ट वाचण्यात माझे दोन रविवार गेले. बाउंटी लिहिणाऱ्याला पैसे देते, वाचणाऱ्याचा तिथे विचारच नसतो. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पालाही हे झेपलं नाही. सुरक्षेच्या त्रुटी दाखवणाऱ्यांना २०१९ पासून ते बक्षिसं देत होते, खऱ्या त्रुटी सापडल्याही. पण एआयकडून लिहून घेतलेल्या पोकळ तक्रारींचा इतका मारा झाला की कर्लचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२६ अखेर ती योजना बंद केली.

मला झिरोधा या शेअर दलाली कंपनीच्या फ्लॉस/फंडची रीत पटते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या निधीत वर्षाला दहा लाख डॉलर आहेत आणि ते थेट प्रकल्पांना जातात, एकेका दुरुस्तीवर किंमतीची चिठ्ठी लावून नव्हे.

यंदा वाचनालय पुन्हा ८,००० द्यायला तयार आहे. मी म्हटलं, बाउंटी नको, आठ महिने हजार-हजार द्या, आलेला कोड नीट वाचून तपासायला. सचिवांनी विचारलं, “पण हे दाखवायचं कशात?” मी म्हटलं, देखभाल. त्यांच्या हिशेबात ते खातं आहे, पंखे आणि कपाटांसाठी. पुढच्या बैठकीत विषय ठेवतो म्हणालेत.