३० वॅटचा इंधनघट, दाबाचा आलेख आणि एक फसवी घसरण

माझ्या इंधनघटाच्या स्टॅकला, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या घटांच्या थप्पीला, हायड्रोजन पुरवणाऱ्या नळीवर दाबाचा सेन्सर बसवून आता तीन आठवडे झाले आहेत. माझा स्टॅक साधारण ५० किलोपास्कलच्या दाबावर चालतो. ॲनोडची, म्हणजे हायड्रोजन आत येतो ती, बाजू पुढे बंद असल्यामुळे तेथे पाणी आणि घटाच्या पडद्यातून हवेच्या बाजूने झिरपलेला नायट्रोजन साचतो, आणि हे दोन्ही बाहेर टाकण्यासाठी दर दहा सेकंदांनी पर्ज झडप (साचलेले बाहेर सोडणारी झडप) क्षणभर उघडते. त्या क्षणी आलेखात दाब ८ किलोपास्कलने खाली येत असे. दाब स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरची क्षमता पाहता एवढी घसरण मला पटत नव्हती.

कारण विजेच्या जोडणीत सापडले. सेन्सर ० ते १०० किलोपास्कलसाठी ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो, म्हणजे १ किलोपास्कलला ४० मिलिव्होल्ट. मात्र हे आकडे पुरवठा नेमका ५ व्होल्ट असतानाच खरे असतात, कारण त्याचे उत्तर पुरवठ्याच्या प्रमाणात बदलते. झडपेची कॉइल त्याच पुरवठ्यावर होती आणि ती प्रवाह ओढताच पुरवठा ४.७५ व्होल्टवर येत असल्याचे ऑसिलोस्कोपवर स्पष्ट दिसले. मोजणारी चिप स्वतःच्या स्थिर संदर्भ-व्होल्टेजशी तुलना करत असल्याने प्रत्यक्षातील ४५ किलोपास्कल तिला ४२ वाटत होते. आता पुरवठ्याचा व्होल्टेजही दुसऱ्या चॅनेलवर मोजून मी दोहोंचे गुणोत्तर घेतो, आणि घसरण ५ किलोपास्कलवर स्थिरावली आहे.

मोटारींतील अनेक दाब-सेन्सर याच ०.५ ते ४.५ व्होल्टच्या पद्धतीचे असतात. दोन्ही टोकांना मोकळी सोडलेली जागा मला या रचनेतील सर्वांत शहाणी गोष्ट वाटते, कारण तार तुटली किंवा शॉर्ट झाली तर उत्तर त्या जागेत जाते आणि बिघाड हा दाब म्हणून वाचला जात नाही.

टाकीच्या बाजूला मात्र मोटारीचा प्रश्न वेगळा आहे. टोयोटा मिराई या हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीच्या टाक्यांचा दाब १५ अंश सेल्सिअसला ७० मेगापास्कल धरलेला असतो. तेथे हायड्रोजनची घनता लिटरला सुमारे ४० ग्रॅम असते, तर आदर्श वायूच्या सूत्राने ती जवळजवळ ५९ येते. भरताना वायू तापतो. ८५ अंशांना ८७.५ मेगापास्कल दाब असला तरी टाकीत वस्तुमान जवळपास तेवढेच असते. म्हणून तापमान आणि वायूच्या वर्तनाची दुरुस्ती धरल्याशिवाय दाबावरून इंधन सांगता येत नाही. माझ्या धातू-हायड्राइडच्या (हायड्रोजन शोषून धरणाऱ्या धातूच्या) डब्यात तर बराच वायू निघून गेला तरी दाब फारसा हलत नाही, त्यामुळे मी डबा वजनकाट्यावर ठेवतो.

सेन्सरची पडताळणी जिन्यात पाण्याच्या नळीने केली. दोन पातळ्यांत ४ मीटरचा फरक म्हणजे ३९.२ किलोपास्कल, आणि सेन्सरने ३९.८ दाखवले. हा फरक मी शून्यबिंदू सुधारून काढला असून दुसऱ्या उंचीवरची पडताळणी बाकी आहे.

सेन्सर नळीच्या खालच्या बाजूला असल्यामुळे काल त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब अडकला आणि आलेख सपाट झाला. तो टी-जोडाच्या वरच्या बाजूला, तोंडातले पाणी परत नळीत ओघळेल असा फिरवला आहे. पुढची चाचणी गच्चीतच, मोकळ्या हवेत घेणार आहे, कारण हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो.