हॉलमधलं चांदणं

शाळेच्या हॉलमध्ये व्यासपीठाच्या डाव्या हाताला एक तैलचित्र आहे: पहाटेचं चांदणं, मालवणचा किनारा आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं. चित्रकलेच्या सरांनी ते आमच्यादेखत रंगवलं. आम्ही तेव्हा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करत होतो.

सुरुवात एका कॅलेंडरवरून झाली. त्यावर नारळीची झाडं आणि समुद्रातून वर येणारा पौर्णिमेचा चंद्र. सरांनी विचारलं, "किनारा कुठला रे?" कुणीतरी म्हणालं, कोकणातला. "मग चंद्र पश्चिमेला उगवला होय?" वर्ग हसला, पण उत्तर कुणालाच सुचेना. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला, म्हणजे कोकणात डोंगराच्या बाजूनं उगवतो. समुद्रावर तो येतो मध्यरात्र उलटल्यावर. "पटत नसेल तर पहाटे कृष्णेच्या घाटावर जा, आपला घाटही पश्चिमेकडंच बघतो."

गेलो. चंद्र समोरच्या काठावरच्या सांगलीवाडीवर उतरला होता आणि कृष्णेतला उजेडाचा पट्टा थेट माझ्या पायाशी येत होता. घाटावरच थोडा बाजूला उभा राहिलेला मित्र मात्र पट्टा त्याच्याच पायाशी येतोय म्हणून भांडायला लागला. दोघंही खरं बोलत होतो!

कोजागरीला शाळेच्या मैदानावर दूध आटत असताना सरांनी दिवे बंद करायला लावले. मुलींच्या वेण्यांच्या लाल रिबिनी पार काळ्या दिसायला लागल्या, निळे स्कर्ट मात्र तेवढे काळवंडले नाहीत. अंधूक उजेडात डोळ्यांना लाल रंग आधी दिसेनासा होतो, हे शास्त्राच्या तासाला कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

मग चित्र. लाकडी चौकटीवर ताणलेला मांजरपाट, त्यावर सरस आणि वर पांढऱ्या रंगाचा हात. काळ्या रंगाची ट्यूब सरांनी उघडलीच नाही. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी मिसळून काळोख केला. निळा जास्त पडला की आकाश, अंबर जास्त पडला की ओली वाळू. पहिला हात टर्पेंटाइननं पातळ केलेला, पुढच्या हातांना जवसाचं तेल वाढवत न्यायचं, नाहीतर वरचा थर तडकतो. चंद्र वाटाण्याएवढा काढला. आम्ही कुरकुर केली तर म्हणाले, हात लांब करून करंगळीचं टोक धरा, चंद्र झाकला जातोच.

माणसं सगळ्यात शेवटी आली. चंद्र त्यांच्या पलीकडे, म्हणून तोंडं नाहीत, कपड्यांचे रंग नाहीत. दोराला मागे रेललेल्या नुसत्या काळ्या आकृत्या. त्यांना माणूसपण आलं ते खांद्यावरच्या आणि मुंडाशाच्या कडेला ओढलेल्या बारीक उजळ रेघांनी. त्या रेघेत पांढऱ्याबरोबर किंचित पिवळा होता. एका आकृतीला सरांनी अशी रेघ दिलीच नाही. विचारलं तर म्हणाले, "तो पुढच्याच्या सावलीत आहे." चित्रातला मला सगळ्यात आवडणारा माणूस तोच.

मी पुढे बँकेत लागलो, रंग सुटले. गेल्या वर्षी हॉलमध्ये गेलो तेव्हा व्हार्निश पिवळं पडून आकाश हिरवट झालेलं दिसलं. शाळेच्या महोत्सवाच्या निधीतून ते चित्र जाणकाराकडून साफ करून घ्यावं, ही विनंती. ओल्या फडक्यानं कुणी पुसू नये, आणि हॉल रंगवायला येणाऱ्यांच्या हाती तर मुळीच देऊ नये.