कॉकपिटमधली त्रिमिती: खोली नेमकी कुठे उपयोगी पडते?

आज दिवसभर विमानातल्या स्टिरिओ डिस्प्लेचेच (दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र दाखवून खोली भासवणारा पडदा) हिशेब चालले होते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं. १० मीटरवरच्या दोन वस्तू १ मीटर मागेपुढे असतील, तर दोन्ही डोळ्यांच्या कोनात सुमारे २ आर्कमिनिटांचा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडतो. तो सहज जाणवतो. १ किलोमीटरवर, १० मीटरच्या फरकासाठी, हाच आकडा ०.१३ आर्कसेकंदावर (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) येतो. एवढं कुणालाच दिसत नाही! त्यामुळे लांबच्या धावपट्टीसाठी स्टिरिओचा आग्रह मला पटत नाही.

हवेत इंधन भरताना मात्र अंतर मोजकं असतं. अमेरिकी हवाई दलाच्या केसी-१३५ या इंधनवाहू विमानात बूम (इंधन देणारी लांब ताठ नळी) चालवणारा ऑपरेटर शेपटीकडे पालथा झोपून खिडकीतून बघतो. त्यानंतरच्या केसी-४६ मध्ये तो कॉकपिटच्या मागे बसून, त्रिमिती चष्मा लावून, कॅमेऱ्यांच्या चित्रावर काम करतो. ऊन ठरावीक कोनातून आलं की चित्र भगभगतं किंवा सावलीत बुडतं, खोलीचा अंदाज चुकतो आणि बूम समोरच्या विमानाला घासू शकतो. त्या विमानावर स्टेल्थ लेप (रडारला चुकवणारा थर) असेल तर प्रकरण फारच गंभीर. २०२० मध्ये नव्या कॅमेरा-प्रणालीचा करार झाला तो यामुळेच.

असे पडदे बघताना डोळे शिणतात कारण फोकस पडद्यावर आणि दोन्ही नजरा मिळतात भलत्याच अंतरावर. हा फरक कोनात मोजून १ अंशाच्या आत ठेवा. दोन कॅमेरे वरखाली जरा जरी सरकले तरी डोकं दुखतं. जुळणी आधी तीच तपासा. रेषीय ध्रुवीकरणाचा (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा) चष्मा नको, मान तिरकी झाली की दुहेरी प्रतिमा दिसते. वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा घ्या.