बडतर्फी कायम झाली? ‘अपील’ शोधू नका

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या कामगाराची बडतर्फी कामगार न्यायालयाने कायम ठेवली, की पहिला प्रश्न: अपील कुठे करायचं? अपील नसतंच. तक्रार १९७१च्या महाराष्ट्र कायद्याखाली, म्हणजे एमआरटीयू-पीयूएलपीच्या (कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांचा कायदा) कलम २८ने केली असेल, तर कलम ४४खाली नाशिकच्याच औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे निकाल तपासून पाहण्याची मागणी. निवाडा १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा असेल, तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका. (२१ नोव्हेंबर २०२५पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे; इथे सांगितलेलं जुन्या कायद्यांखालच्या निकालांपुरतं.)

दोन्हीकडे पुरावा नव्याने तोलत नाहीत, आणि अर्ज आपटतात ते इथेच. ‘साक्षीदार खोटं बोलला’ एवढ्याने काही हलत नाही. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढला, महत्त्वाचा कागद विचारातच घेतला नाही, किंवा गैरवर्तनाच्या मानाने शिक्षा धक्कादायक आहे, हे पान क्रमांकासह दाखवावं लागतं. म्हणून निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका. निकालपत्र एकटं पुरत नाही; आरोपपत्र, खातेचौकशीची कार्यवाही, उलटतपासणी, सगळं हवं.

मालकच कामावर घेण्याच्या निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेला, तर औद्योगिक विवाद कायद्याचं कलम १७ब: प्रकरण चालेपर्यंत शेवटच्या पगाराइतकं वेतन मागा. सोबत ‘दुसरीकडे नोकरी नाही’ असं प्रतिज्ञापत्र लागतं. ते न देता नुसता अर्ज करून काही मिळत नाही.