उंदराला कसलं आलंय टेन्शन?

नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर आमच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या की महिन्या-दोन महिन्यांतून हा प्रश्न ठरलेला. "खाणं वेळेवर, एसी चोवीस तास, भाडं नाही, लोकल नाही. तुझ्या उंदरांना कसलं गं टेन्शन? आणि आलं तरी तुला कळतं कसं?" लग्नकार्यातही कुणी ना कुणी विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

महापेच्या एका प्रयोगशाळेत बारा वर्षं मी अ‍ॅनिमल हाउस, म्हणजे प्रयोगांच्या उंदरांचं घर, सांभाळलं. कळतं कसं, याचं सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे लेंड्या मोजून. 1934 मध्ये कॅल्व्हिन हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदीर मोकळ्या रिंगणात सोडून नेमकं हेच केलं होतं. घाबरलेल्याचं पोट आधी बोलतं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच काम द्यायचे.

रक्त तपासता येतं. ताण आला की रक्तात एक संप्रेरक वाढतं; आपलं कॉर्टिसॉल, तसं त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन. पण सुई टोचायला उंदीर हातात धरला की तीनेक मिनिटांत तेच चढायला लागतं. म्हणजे मोजणारीच ताण देणार!

माझा भरवसा मचाणावर. अधिकच्या चिन्हाच्या आकाराचं, जमिनीपासून अर्धा मीटर उंच. दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. पाच मिनिटं बघायचं. निवांत उंदीर उघड्या फाट्यावर फेरी मारतो, कडेवरून खालीसुद्धा डोकावतो. ताणात असलेला भिंतीआडून अंग लांब करतो, पुढचे पाय चौकात, मागचे आतच, मिशा थरथरतायत, आणि सर्रकन मागे. नवा भाडेकरू दाराच्या फटीतून जिना बघतो ना, अगदी तसं.

एकदा वरच्या मजल्यावर आठवडाभर ड्रिल चाललं. ज्यांना आम्ही बोटही लावलं नव्हतं ते उंदीरही भिंतीआड जाऊन बसले. आपल्याला ऐकू येत नाहीत असे कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज त्यांना ऐकू येतात. तुलनेसाठी ठेवलेला गटच बिथरला, तर तुलना करायची कशाशी? अख्खी बॅच बाद.

झोपेचं मात्र सरळ नाही. उंदीर मुख्यतः दिवसा झोपतो. मेंदूच्या लहरी आणि मानेच्या स्नायूंची हालचाल तारांवरून टिपून ती झोप मोजतात. ताण आला की झोप उडते, असं आपण धरून चालतो. पण तास-दोन तास नळीत कोंडलेला उंदीर सुटल्यावर स्वप्नांची झोप नेहमीपेक्षा जास्त घेतो. दांडग्या नराकडून मार खाल्लेला तर आणखी गाढ झोपतो.

झोप खरी मोडली ती साध्याशा गोष्टीने. 2008 मध्ये हार्वर्डच्या कानो, मोचिझुकी आणि सेपर यांनी ऐन झोपेच्या वेळी एका नराला दुसऱ्या नराच्या वापरलेल्या पिंजऱ्यात ठेवलं. तो दुसरा तिथे नव्हता. मार नाही, शॉक नाही, फक्त त्याचा वास. सुरुवातीचे तास जागरणात गेले, हे समजण्यासारखं आहे. पण पाच-सहा तासांनी, वरवर सगळं शांत झाल्यावरही झोप तुकड्यातुकड्यांचीच. मेंदू तपासला तर झोपवणारी केंद्रं चालू आणि जागवणारीही चालू. ब्रेकवर पाय, अ‍ॅक्सिलरेटरवरही पाय.

हे सांगितलं तेव्हा काकू चालता चालता थांबल्या. "म्हणजे घोडबंदरला लेकाकडे गेले की मला होतं तेच की! खोली छान, सून चांगली, आणि पहाटे तीनपर्यंत मी पंखा बघत असते."

मी त्यांना आमची एक सवय सांगितली. छोट्या जातीच्या उंदरांचा पिंजरा बदलताना जुन्या घरट्यातला कागदाचा बोळा नव्या पिंजऱ्यात टाकायचा. त्या काही बोलल्या नाहीत. परवा लिफ्टमध्ये भेटल्या, ठाण्याला निघाल्या होत्या. एका हातात लाडवांचा डबा, काखेत उशी.