शाई लावलेला बटाटा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा, असं पत्र आलं आणि मला फक्त विज्ञान शिकवणारे सर आठवले. कोणते, ते आमच्या तुकडीला सांगायला नको.

हेडसरांची फिरती खुर्ची पळवून केलेला प्रयोग सगळ्यांनाच आठवत असेल. दोन्ही हातांत विटा. हात पसरले की गिरकी मंद, छातीशी घेतले की भिंगरी. कोनीय संवेगाची अक्षय्यता, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर कायम राहणं! पण मला छळतो तो बटाटा. खराट्याच्या काडीत सरांनी तीन बटाटे ओवले होते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू: मधला कार्बन, टोकांना ऑक्सिजन. ‘‘डोळे मिट. आता सांग, अर्धा फेरा फिरवला की नाही?’’ कुणालाच सांगता येईना. ‘‘ओळखू येत नाही ना, तीच सममिती.’’ मी गुपचूप एका टोकाला पेनची शाई लावली आणि तीनदा बरोबर सांगितलं. चोरी पकडली गेली. मी हात पुढे केला, तर सर म्हणाले, ‘‘गाढवा, तू रेणूच बदललास!’’ आणि शिकवायला लागले.

पुढे जर्मन गणितज्ञ एमी नोदर यांचं १९१८चं प्रमेय शिकलो: निसर्गनियमांत अखंड सममिती असली की तिच्यामागे एक राशी टिकून राहते. कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी निसर्गाचे नियम तेच, म्हणून कोनीय संवेग टिकतो. खुर्ची आणि बटाटा एकाच घरातले निघाले.

आज मी वायूंचे इन्फ्रारेड वर्णपट मोजतो, म्हणजे वायू कुठला अवरक्त प्रकाश शोषतात ते रेषारेषांनी पाहतो. कार्बन डायऑक्साइडचा २३४९ प्रति सेंटीमीटरजवळचा (एका सेंटीमीटरात मावणाऱ्या प्रकाशलहरींची संख्या) पट्टा पहिल्यांदा नीट उलगडून पाहिला, तेव्हा निम्म्या रेषा गायब! फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, कोनीय संवेगाचं एक एकक आणतो, रेणू फिरण्याची एक पायरी चढतो किंवा उतरतो. पण दोन्ही टोकांना ऑक्सिजन-१६ असला, तर सममितीमुळे तळच्या अवस्थेत विषम क्रमांकाच्या पायऱ्याच नसतात. मग एका टोकाला ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनचाच जड भाऊ, असलेला नमुना लावला. हरवलेल्या रेषा हजर, मधलं अंतर जवळपास निम्मं. रात्री अकरा वाजता मी एकटाच मोठ्यानं हसलो. शाई!

तो आलेख सरांना पाठवायचा होता. उद्या-परवा करत राहिलो आणि सर गेले. आता या मजकुरासोबत त्याची प्रत शाळेला पाठवतोय. प्रयोगशाळेच्या जागी संगणक कक्ष झाला म्हणे. ते शाईचे डाग पडलेलं लांब टेबल कुठे ठेवलंय, कुणी कळवेल का?