तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्त चहा पाण्यात का फेकला?

भारतातून पाहुणे आले की बॉस्टनच्या बंदरावर आमची एक चक्कर ठरलेली. अमेरिका इंग्लंडच्या वसाहतींत वाटलेली असताना, १७७३मध्ये, इथल्या लोकांनी याच बंदरात चहा फेकला आणि पुढे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. तिथे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "पौंडभर चहामागे तीन पेन्स कर. एवढ्याशासाठी थेट राजाशी युद्ध?"

उलट १७७३च्या कायद्याने चहा स्वस्तच होणार होता. ईस्ट इंडिया कंपनी, आपल्या ओळखीचीच, कर्जात रुतली होती आणि लंडनच्या गोदामांत तिचा चिनी चहा पडून होता. पार्लमेंटने तिला तो थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली, विलायतेतली जकात माफ केली, पण अमेरिकेतले तीन पेन्स तेवढे ठेवले. तो चहा प्यायचा म्हणजे करही मुकाट्याने मान्य करायचा. (चोरट्या डच चहावर पैसे करणाऱ्यांचा धंदा बसणार होता, हेही खरंच.) १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

माझ्या मते खरी गाठ त्याआधीच बसली होती. फ्रान्सशी झालेल्या युद्धानंतर अमेरिकेत ठेवलेल्या फौजेच्या खर्चासाठी १७६५मध्ये स्टॅम्प कायदा, म्हणजे छापील कागदांवरचा कर, आला. लोकांनी तो चालूच दिला नाही. १८ मार्च १७६६ला तो रद्द झाला, आणि त्याच दिवशी दुसरा कायदा झाला: वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करायचा हक्क पार्लमेंटला आहे. त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. आपले कर आपल्याच सभेत ठरवत आलेल्या, स्वतःला अस्सल इंग्रज मानणाऱ्या माणसांना हे किती झोंबलं असेल!

चहाची शिक्षा म्हणून १७७४मध्ये बंदर बंद झालं. गावसभेलाही गव्हर्नरची परवानगी लागू लागली. तेव्हा दक्षिण कॅरोलिनाहून तांदूळ आला, कनेक्टिकटहून मेंढ्या आल्या. एकमेकांशी फारसं न पटणाऱ्या वसाहती बॉस्टनसाठी उभ्या राहिल्या. तरीही, लढाई पेटल्यावरसुद्धा, जुलै १७७५मध्ये त्यांनी राजाकडे समेटाचा अर्ज धाडला. राजाने त्यांना बंडखोर ठरवलं. वर्षभरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

पाहुण्यांना मी आणखी एका अर्जाबद्दल सांगते. चहाच्याच वर्षी, जानेवारी १७७३मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनी गव्हर्नरला आणि विधिमंडळाला लिहिलं होतं, की आम्हाला ना मालमत्ता, ना बायको-मुलं, ना शहर, ना देश. त्यांना दाद मिळाली नाही.